पेन ब्लँकमधलं भोक दरवेळी बिघडतंय? नवीन बिट मागवायच्या आधी हे बघा

पेन ब्लँक म्हणजे पेनासाठी घेतलेला लाकडाचा किंवा रेझिनचा तुकडा, त्यात भोक पाडून आत पितळी ट्यूब चिकटवायची असते. लेथवर (तुकडा फिरवून त्याला गोल आकार द्यायच्या यंत्रावर) पेन करणाऱ्या प्रत्येकाला हा वैताग कधी ना कधी येतोच. बिट समोरून बरोबर मधोमध घुसतो आणि मागून निघतो तो कडेला, नाहीतर भोक एवढं सैल होतं की पितळी ट्यूब आत खुळखुळते, नाहीतर ७ मिलिमीटरच्या बिटने मारलेल्या भोकात ७ ची ट्यूब शिरतच नाही. यावर सगळेजण एकच उपाय करतात, नवीन बिट मागवतात. तो आला की दोन ब्लँक बरे जातात आणि तिसऱ्याला परत तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बिटचा दोष नसतोच असं नाही, पण त्याच्याकडे शेवटी बघायचं.

आमच्या ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात दोन प्रकारची मंडळी हे काम करतात. एक बाल्कनीत छोटी वुड लेथ लावून बसलेली (आणि दुपारी २ ते ४ सोसायटीच्या भीतीने बंद ठेवणारी), दुसरी रबाळे, महापे, वागळे इस्टेटकडच्या एखाद्या ओळखीच्या गाळ्यात मेटल लेथवर संध्याकाळी तासभर हात मारून घेणारी. दोघांचा प्रश्न एकाच वाक्यात येतो, "भोक वाकडं जातंय". पण या एका वाक्यात चार वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा, एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की तास जातो आणि ब्लँकही जातो. म्हणून आधी बिघडलेला ब्लँक फेकू नका, तो बघा. शक्य असेल तर चकमधून (लेथवर ब्लँक धरणाऱ्या पकडीतून) काढायच्या आधीच बघा.

भोक काय सांगतं

एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. लेथवर जॉब (इथे ब्लँक) फिरतो आणि बिट स्थिर असतो, ड्रिल प्रेसच्या (उभ्या ड्रिल मशीनच्या) बरोबर उलट. त्यामुळे टेलस्टॉक (ब्लँकसमोर बिट धरणारा लेथचा सरकता भाग) थोडा इकडेतिकडे असला तरी भोक एका बाजूला सरकत नाही, ते मोठं होतं. बिटचं टोक मधोमध नसलं की फिरणारा ब्लँक त्याच्याभोवती गोल खरवडून घेतो आणि भोकाचं तोंड भोंग्यासारखं पसरतं, मग आत गेल्यावर बिट थोडा वाकून आपली वाट धरतो आणि पुढचं भोक बऱ्यापैकी मापात येतं. म्हणजे तोंड मोठं आणि आत बरं, असं दिसलं तर टेलस्टॉककडे बघा, बिटला शिव्या देऊ नका.

पूर्ण लांबीभर सारखंच सैल असेल तर मात्र बिट. एकतर त्याच्या दोन कडा असमान आहेत किंवा तो वाकलाय.

तिसरा प्रकार, भोक दोन्ही टोकांना गोल, मापात, ट्यूब मस्त सरकते, पण मागच्या बाजूला केंद्र सोडून बाहेर आलंय. इथे दोन शक्यता असतात आणि त्या ओळखायची एक सोपी युक्ती आहे. लेथ बंद करा, प्लगच काढा हवं तर, ब्लँक चकमध्ये तसाच राहू द्या. तोच बिट ड्रिल चकमधून (टेलस्टॉकमध्ये बिट धरणाऱ्या चकमधून) काढून उलटा करा आणि मागची गुळगुळीत दांडी भोकात सरकवा, धारेची बाजू बाहेर. आता चक हाताने सावकाश फिरवा आणि बिटचं बाहेर आलेलं टोक टूल रेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आधाराच्या) कडेशी धरून बघा. टोक जागच्या जागी फिरत असेल तर भोक लेथच्या अक्षावर अगदी सरळ आहे, तुमचा ब्लँकच चकमध्ये तिरका पकडला होता. टोक गोल गोल हिंडत असेल तर बिट खरंच भरकटला. भोकाचं तोंडच सैल असेल तर या टेस्टला अर्थ नाही, कारण दांडी कुठेही हलेल.

आणि ब्लँक तिरका पकडला होता असं निघालं तर पुढचा प्रश्न, बिघडलं काय? सहसा काहीच नाही. ट्यूब चिकटली की तीच आपला अक्ष होते. टोकं बॅरल ट्रिमरने (टोक सपाट करायच्या कटरने) ट्यूबच्या हिशोबाने काटकोनात येतात, मॅन्ड्रेल (ब्लँक ओवून फिरवायची सळई) ट्यूबमधून जातो, बाहेरचं सगळं टर्निंग ट्यूबच्या भोवती होतं. ब्लँक १९ मिलिमीटर चौकोनी आणि तयार पेन १२ चा असेल तर बाजूला साडेतीन मिलिमीटर जागा आहे, तेवढं भोक सरकलं तरी लाकूड पुरतं. लोक उगाच रडत बसतात. हां, जिथे पट्ट्या जोडून डिझाइन केलंय किंवा साडेबारा मिलिमीटरचं मोठं भोक पाहिजे तिथे ही चैन नाही, एका बाजूची भिंत पातळ होते आणि पट्टी तिरकी दिसते.

उपाय साधा आहे. ब्लँकच्या चारही बाजू गुण्या लावून बघा, मिलमध्ये कापून आणलेले तुकडे क्वचितच काटकोनात असतात. आणि चकमध्ये जेवढी जास्त लांबी धरता येईल तेवढी धरा. टोकावर २० मिलिमीटर पकडून बाकीचा ब्लँक हवेत सोडला तर तो तिरका बसणारच. गाळ्यात तीन जॉचा (जबड्यांचा) चक असेल तर चौकोनी ब्लँक त्यात नीट बसतच नाही, आधी दोन सेंटरमध्ये (दोन्ही बाजूंनी टेकणाऱ्या टोकदार खुंट्यांमध्ये) धरून १८ चा गोल करून घ्या आणि मग धरा, किंवा ईआर-३२ कोलेट (गोल जॉब सगळीकडून सारखा आवळणारी पकड) असेल तर सोन्याहून पिवळं, त्यात २० पर्यंतचा गोल जॉब जातो.

मधोमध पंच मारणं बंद करा

खरं भरकटलेल्या भोकाचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण हे आहे आणि गंमत म्हणजे काळजीपूर्वक काम करणारी माणसंच यात सापडतात. ब्लँकच्या टोकावर कोपऱ्याकोपऱ्यातून दोन कर्ण आखायचे, मधे पंच मारायचा, मग चकमध्ये लावून त्या खळीत बिट टेकवायचा. ड्रिल प्रेसवर हे बरोबर. लेथवर चूक, कारण तुम्ही काढलेला मध्य आणि लेथचा मध्य हे एकच असतील असं नाही, अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी ती खळी फिरताना गोल गोल हिंडते आणि बिटच्या टोकाला आपल्याबरोबर ओढत नेते. बिट लवचिक, तो बिचारा जातो तिच्यामागे.

त्यापेक्षा लेथ फिरत असताना, टूल रेस्ट जवळ घेऊन, स्क्यूच्या (तिरक्या धारेच्या पटाशीच्या) टोकाने ब्लँकच्या तोंडाला हलकी खळी पाडा. फिरत्या जॉबवर पाडलेली खळी आपोआप अक्षावरच येते. खळीच्या मधे इवलंसं टोक राहिलं तर ते काढून टाका, नाहीतर बिट तिथेच घसरतो. मेटल लेथवर सेंटर ड्रिल (सुरुवातीची खळी पाडायचा आखूड बिट) वापरत असाल तर त्याचं फक्त पुढचं बारीक टोक आणि किंचित पुढे एवढंच टेकवा. सेंटर ड्रिलचा कोन ६० चा आणि आपल्या साध्या बिटचा ११८ चा, खोलवर खळी केली की बिटचं टोक टेकायच्या आधी त्याच्या कडा खळीच्या काठावर आपटतात आणि बिट थरथरतो. स्पॉटिंग ड्रिल १२० चा मिळाला तर प्रश्नच मिटला.

टेलस्टॉक

इथे वेळ घालवा, कारण बाकी सगळं नीट असूनही हा एकटा गोंधळ घालतो.

सगळे जण करतात ती तपासणी अशी: हेडस्टॉकमध्ये (चक फिरवणाऱ्या बाजूला) टोकदार सेंटर, टेलस्टॉकच्या क्विलमध्ये (हँडव्हीलने आत-बाहेर होणाऱ्या नळीत) टोकदार सेंटर, दोन्ही टोकं जवळ आणायची, मिळाली की खूश. वागळे इस्टेटमध्ये आयुष्य टर्नर म्हणून काढलेले एक काका आहेत, त्यांच्यासमोर एका पोराने हेच करून दाखवलं.

"काका, बघा ना, टोकाला टोक मिळतंय, अलाइनमेंट ओके आहे."

"क्विल किती बाहेर आहे रे?"

"थोडीशीच आहे."

"मग पूर्ण बाहेर काढ, लॉक कर आणि मग मिळव."

क्विल पूर्ण बाहेर काढल्यावर टेलस्टॉकचं टोक खाली गेलेलं दिसलं, नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतकं. ब्लँकच्या सुरुवातीला क्विल आत असते, शेवटी बाहेर, म्हणजे भोक पाडता पाडता अलाइनमेंट बदलत जाते. त्यामुळे दोन्ही ठिकाणी बघायचं, क्विल १० मिलिमीटर बाहेर असताना आणि जवळपास पूर्ण बाहेर असताना, आणि दोन्ही वेळा क्विलचा लॉक थोडा आवळून. दोन्ही ठिकाणी सारखाच फरक असेल तर टेलस्टॉक अख्खा वर-खाली किंवा बाजूला आहे, पुढे वाढत जात असेल तर तो नाक खाली किंवा बाजूला करून बसलाय.

खाली असेल तर टेलस्टॉकच्या बुडाखाली शिम (पातळ पत्रा). दुकानातली पितळी शिम चांगलीच, पण कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्राही चालतो, तो साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. नाक खाली असेल तर फक्त पुढच्या बाजूला लावा. आधी खालचा भुसा आणि गंज साफ करा हे सांगायला नको, पण सांगतो, कारण निम्म्या वेळा शिम लागतच नाही, बेडवर (टेलस्टॉक ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांवर) चिकटलेला राळेसारखा थर खरवडून काढला की टेलस्टॉक बरोबर बसतो.

बाजूचा फरक वुड लेथवर वेगळ्या कारणाने येतो. टेलस्टॉकच्या खालचा ठोकळा बेडच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत बसतो आणि तिथे प्ले (ढिलेपणा) असतोच, स्वस्त लेथमध्ये भरपूर. मग आज लॉक केला तर एक जागा, उद्या लॉक केला तर दुसरी, म्हणूनच "कालपर्यंत ठीक होतं" हे वाक्य ऐकू येतं. लॉक करताना दरवेळी टेलस्टॉक आपल्याकडे ओढून धरा आणि मगच दांडा आवळा. आपल्याकडे किंवा पलीकडे, कुठेही चालेल, पण रोज तेच. आणि सेंटरची तपासणीही तसंच ओढून करा. फुकटचा उपाय आहे आणि मला विचाराल तर महागड्या बिट सेटपेक्षा जास्त कामाचा.

मग मोर्स टेपर, म्हणजे ड्रिल चकची निमुळती दांडी आणि क्विलमधलं तिचं निमुळतं घर. स्टीफन मोर्स नावाच्या अमेरिकन माणसाने १८६० च्या दशकात काढलेली ही पद्धत अजून जगभर चालते कारण ती नुसत्या घर्षणावर धरते, स्क्रू नाही, चावी नाही. पण त्यासाठी दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडे हवेत. छोट्या लेथवर बहुतेक एमटी-२ (मोर्स टेपर नंबर २) असतो, त्याची पकड साठ-पासष्ट मिलिमीटर लांब. आतल्या टोकाला ०.१ मिलिमीटरचा भुशाचा कण अडकला तर ड्रिल चक आणि बिट मिळून दीडशे-एकशे साठ मिलिमीटर पुढे गेल्यावर बिटचं टोक पाव मिलिमीटर तरी सरकतं. आपल्याकडे खाडीची हवा, त्यात जून ते सप्टेंबर पावसाळा, टेपरवर बारीक तांबूस डाग यायला दोन आठवडे बंद ठेवलेली लेथ पुरते. बोटाला फडकं गुंडाळून क्विलच्या आत फिरवा, काळं-लाल आलं की परत फिरवा. गंज लागू नये म्हणून तेल लावून ठेवता ते ठीक, पण काम करायच्या आधी ते पूर्ण पुसा, तेलकट टेपर धरत नाही.

टेपर न धरण्याचा एक धोकाही आहे. भुसा बिटच्या खोबणीत ठासला की बिट भोकात अडकतो आणि मागे खेचताना ड्रिल चक क्विलमधून निसटून ब्लँकबरोबर गरगरायला लागतो. चावी लावायचा तो दातेरी चक हाताच्या जवळ फिरतोय, कल्पना करा. बिट मागे घेताना तो हँडव्हीलनेच घ्या, टेलस्टॉक सोडून धसकन मागे ओढू नका. अडकल्यासारखा वाटला की आधी लेथ बंद, नंतर बाकीचं.

ड्रिल चकला तीन भोकं असतात, चावी तिन्हीत लावून आवळा. एकातच आवळला तर जॉ सारखे बसत नाहीत आणि बिट किंचित तिरका राहतो.

आता बिट

टेलस्टॉक बरोबर निघाला आणि भोक तरी पूर्ण लांबीभर सैल असेल तर बिट काढा. आधी सरळ आहे का ते बघा, काचेवर किंवा स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर हलकेच घरंगळवा, खालून उजेड आत-बाहेर होताना दिसला तर तो वाकलाय, विषय संपला. सरळ असेल तर एखाद्या टाकाऊ सागाच्या तुकड्यात घाला आणि खोबण्यांकडे बघा. दोन्ही खोबण्यांतून भुसा सारखा आला पाहिजे. एकातून भरपूर आणि दुसऱ्यातून नावाला येत असेल तर एकच कड कापतेय, दुसरी आखूड आहे किंवा तिचा कोन वेगळा आहे, आणि असा बिट आपल्या मापापेक्षा मोठं भोक पाडणारच. हाताने ग्राइंडरवर धार लावलेल्या बिटचं हे नेहमीचं. गाळ्यातला माणूस लोखंडासाठी मस्त धार लावतो, लोखंडात ०.२ मिलिमीटर मोठं भोक त्याला चालतं, तुमच्या ट्यूबला चालत नाही.

सागात सिलिका असते, धार पटकन जाते. बाभूळ, शिसम तर कडकच. बोथट बिट कापत नाही, ढकलतो, आणि ढकलणारा बिट मऊ रेषा शोधत जातो. सागात तर कडक आणि मऊ पट्टे एकाआड एक असतात, त्यामुळे तिथे तो जास्त हिंडतो. १३५ कोनाचा स्प्लिट पॉइंट बिट सुरुवातीला कमी घसरतो, घ्यायचाच असेल तर तो घ्या, एचएसएसचा (हायस्पीड स्टीलचा), आणि लांबीला शक्य तेवढा आखूड. लांब बिट लवतो. लांबच बिट असेल तर ड्रिल चकमध्ये जेवढा आत जाईल तेवढा घाला.

घाई, भुसा, गरमी

७ च्या बिटला लाकडात ५०० ते ७०० आरपीएम पुरे, १० च्या वर ४०० च्या आसपास, अॅक्रेलिक आणि रेझिनला त्याहून सावकाश. पाच-सहा मिलिमीटर आत गेलं की बिट पूर्ण बाहेर, भुसा झटकायचा, परत आत. कंटाळवाणं आहे, माहितीये. पण खोबणी भरली की भुसाच बिटला बाजूला दाबतो आणि गरमही करतो. रेझिनमध्ये गरम बिट माल वितळवतो, तो बिटला गुंडाळतो आणि भोक आतून खरखरीत, कुठे मोठं कुठे बारीक. भांडी घासायचा साबण घातलेलं पाणी थोडं थोडं फवारा, बिट बाहेर काढल्यावर हात लावायला नको इतका गरम वाटला तर थांबा, चहा घ्या.

छोट्या लेथवर क्विल एका दमात पन्नास-साठ मिलिमीटरच जाते. ब्लँक त्याहून लांब असेल तर मधे टेलस्टॉक पुढे सरकवावा लागतो आणि तिथेच भोकात पायरी पडते. म्हणून आधी ब्लँक ट्यूबच्या मापाने, थोडाच लांब ठेवून, कापून घ्या. सरकवायलाच लागला तर लेथ बंद करून क्विल मागे फिरवा, पण बिट भोकातच राहिला पाहिजे, त्यासाठी टेलस्टॉक बरोबरीने पुढे सरकवत जा, मग आपल्याकडे ओढून लॉक.

मागचं तोंड फुटतं त्याला फार विचार करायला नको. कापतानाच ब्लँक ट्यूबपेक्षा आठ-दहा मिलिमीटर लांब ठेवा, आरपार न जाता थांबा आणि बंद टोक करवतीने उडवा.

ट्यूब जातच नाही

हा चौथा प्रकार, भोक सरळ, भोक स्वच्छ, आणि ट्यूब अडकते. काल जात होती, आज जात नाही, असं असेल तर लाकूड हललंय. ओलसर लाकूड सुकताना वर्षवलयाच्या दिशेने जास्त आकसतं आणि वलयाला आडवं कमी, त्यामुळे गोल भोक लंबगोल होतं, ट्यूब दोन बाजूंना घासते आणि दोन बाजूंना फट राहते. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला कोरडा ब्लँक उलट फुगतो. आंबा आणि फणसाचे घरी कापलेले तुकडे तर खास दगा देतात, नीट वाळल्याशिवाय त्यांना हात लावू नका, आणि वाळलेले ब्लँक एअरटाइट डब्यात ठेवा. भोक पाडलं की ट्यूब त्याच दिवशी चिकटवून टाका, रविवारी भोक आणि पुढच्या रविवारी ट्यूब असं करू नका. अॅरल्डाइटसारखा इपॉक्सी लावत असाल तर ट्यूब बोटाने ढकलल्यावर सरकली पाहिजे, ठोकायला लागत असेल तर सगळा ग्लू पुसला जाऊन तोंडाशीच राहतो. ठोकून बसवलेल्या ट्यूबने रेझिनचा ब्लँक नंतर टर्निंगमध्ये तडकतो ते याचमुळे. किंचित घट्ट असेल तर सळईवर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून आतून फिरवा, तोच बिट परत परत घालून भोक मोठं करायला जाऊ नका, तो फक्त तोंड खातो.

आणि ट्यूब सगळ्या ७ च्या म्हणून विकल्या जातात तरी दोन वेगवेगळ्या किटच्या (पेनाच्या सुट्या भागांच्या संचाच्या) ट्यूबमध्ये व्हर्निअर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) लावला तर थोडा फरक दिसतो. मुंबईतल्या नागदेवीच्या हत्यार बाजारात बिट घ्यायला जाताना खिशात ट्यूब आणि व्हर्निअर ठेवा, बिटवर छापलेला आकडा बघून घेऊ नका, दुकानदार वैतागला तरी तिथेच मोजा, आणि घरी आल्यावर पहिलं भोक टाकाऊ तुकड्यात मारून त्यात तीच ट्यूब घालून बघा.